टोपाला अंगाई

...आणि वर मलाच म्हणतात, "तू सांग ना." मी? म्हणजे तुम्हीच विचार करा, नणंदेचं गाणं काढून टाकायचं, तिला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं गायला मिळालेलं गाणं, आणि ते काढलंय हे तिला सांगायचं कुणी, तर भावजयीनं? अहो, भावजयीनं नुसतं "चहात साखर कमी पडली का" एवढं विचारलं तरी ते घरात वर्षानुवर्षं पुरतं, आणि हे म्हणतात गाणं काढलंय म्हणून सांग. मी म्हटलं, बहीण तुमची, ऑपेरा तुमचा, हातात ती काडी घेऊन सगळ्यांना नाचवता तुम्ही, तर सांगाही तुम्हीच. "बरं बरं, आज सांगतो," म्हणाले. सांगितलं का? नाही सांगितलं.

थांबा, असं मधूनच सांगून कळायचं नाही. तर आमचे हे दिवसा शाळेत गाणं शिकवतात आणि संध्याकाळी आमची हौशी संगीत मंडळी चालवतात. मंडळी म्हणजे कोण, तर एक दातांचे डॉक्टर, पोस्टातून रिटायर झालेले क्लॅरिनेटवाले काका, चष्म्याच्या दुकानात बसणारी मी, आणि असेच सगळे, दिवसभर कामं करून दमलेले आणि संध्याकाळी गळा काढायला जमलेले. दर वर्षी आम्ही लोकांना माहीत असलेलं काहीतरी करतो, लोक पायानं ठेका धरतात, टाळ्या देतात, घरी जातात. सरळ काम. पण ह्या वर्षी ह्यांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, "कुणीच करत नाही असं काहीतरी करायचं." आणि कुठल्याशा ग्रंथालयाच्या कपाटातून एक विनोदी ऑपेरा काढून आणला, म्हणजे ज्यात "दार उघड" हेसुद्धा गाऊन सांगतात तसला. तो आजवर म्हणे फारच कमी वेळा झालाय. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, "लोकांना तो कळला नाही." मग मी वाचला. लोकांना चांगला कळला होता.

गोष्ट काय, तर एका गावच्या नगराध्यक्षांचा टोप हरवतो. टोप म्हणजे डोक्यावर घालायचा, केसांचा. संपली गोष्ट. ह्यावर तीन अंक. टोप गेला म्हणजे राहिलं टक्कल, आणि ते टक्कल गावात कुणी कधी पाहिलेलंच नाही, त्यामुळे नगराध्यक्षांना कुणी ओळखेना, कचेरीत शिपाई आत सोडेना, घरी गेले तर बायको विचारते, कोण हा परका माणूस माझ्या दारात? ती बायको मी. तिथे माझं रागाचं गाणं आहे. पाच कडवी. प्रत्येक कडव्यात मी त्यांना घराबाहेर काढते, ते परत येतात, मी परत काढते, आणि शेवटचा सूर असा काही वर जातो की आमच्या नगराध्यक्षांनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, पहिल्या तालमीला कान दाबून घेतले होते. सोन्यासारखं गाणं. त्यातली एक ओळ कमी करता यायची नाही, लिहून ठेवा.

आणि टोप असतो कुठे? धोबिणीकडे धुवायच्या कपड्यांत. ती धोबीण म्हातारी, डोळ्यांनी अधू, तिला वाटतं हे मांजराचं पिल्लू आहे. मग ती त्याला मांडीवर घेते आणि अंगाई गाते. टोपाला अंगाई, काय म्हणावं... एकदम संथ, मागे एकटं क्लॅरिनेट, बाकी सगळे वाजवणारे हातावर हात ठेवून बसलेले. ही धोबीण म्हणजे आमच्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. मंडळीत पहिल्या दिवसापासून आहेत, पण कायम कोरसात, मागच्या रांगेत. शिवाय सगळ्यांचे कपडे त्याच शिवतात, कुणाची बाही उसवली तर विंगेत उभं राहून दातांनी दोरा तोडणाऱ्या त्याच. ह्या वर्षी धोबिणीसाठी दुसरं कुणी मिळेना म्हणून ह्यांनी विचारलं, "ताई, तू करशील?" तर त्या लाजल्या हो. ह्या वयात. मी पाहिलंय.

तर पहिली सलग तालीम झाली आणि कळलं, ऑपेरा दहा मिनिटं जास्त होतोय. आणि आमच्या हॉलचे मॅनेजर म्हणजे असा माणूस, की वेळ झाली की मेन स्विच खाली. मग स्टेजवर कुणाचं लग्न लागत असो नाहीतर कुणी मरत असो. म्हणजे काहीतरी काढणं आलं. सगळे गोल करून बसले, स्वतःची ओळ कुणाला सोडवेना, जो तो दुसऱ्याच्या ओळींकडे डोळे लावून बसलेला... आणि मी म्हटलं. आता तुमच्यापासून काय लपवू, मीच म्हटलं, "ती अंगाई काढली तर? नाहीतरी गोष्ट तिथे थांबतेच." का म्हटलं? अहो, अंगाईच्या मागोमाग माझं रागाचं गाणं. अंगाईनं लोक झोपले तर मी रागावू कुणासमोर? एवढंच. पण सगळे इतके पटकन "हो हो, तेच बरं" म्हणाले की माझं मलाच कसंतरी झालं. कारण वन्सं तिथे नव्हत्या ना. कुठे गेल्या होत्या, तर आमच्याच सगळ्यांच्या कोटांना बटणं आणायला. आणि ठराव झाला न झाला तोच दारात उभ्या, हातात पिशवी, चेहरा उन्हानं लाल, म्हणाल्या, "चार दुकानं हिंडले, पण मिळाली गं बाई एकसारखी." सगळी मंडळी खाली मान घालून आपापल्या चपला बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी हे त्यांच्या घरी गेले. सांगायला. वन्सं मशीनवर बसलेल्या, तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधून अंगाई चाललेली. ह्यांना पाहिल्यावर टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "छोट्या, बरं झालं आलास." पन्नाशीचा माणूस, स्वतःला टोप लागेल अशी वेळ आलेली, पण त्यांचा छोट्याच. "छोट्या, हे गाणं फार लवकर संपतं रे." आणि हे काय म्हणाले असतील? "मग दुसरं कडवं परत घेऊ या." घ्या. काढायला गेलेला माणूस वाढवून आला. घरात शिरले ते सरळ आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडले. मी विचारलं, सांगितलंत? नाही सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्यात, बहीणच ना, सांगायचं सरळ. तर आहे त्यात. ही दोघं लहान असताना एकाच बाईंकडे गाणं शिकायला जायची. आणि जो ऐकेल तो म्हणायचा, गळा मुलीचा आहे, मुलगा आपला मेहनती आहे. मग ह्यांची आई अंथरुणाला खिळली. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. कोण थांबलं असेल ते मी सांगायला नको. वन्सं थांबल्या, हे जात राहिले, शिकले, हातात काडी आली. आणि ह्यावर वन्सं आजतागायत एक अक्षर बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर किती बरं झालं असतं, चांगलं कडकडून भांडता आलं असतं, रडून मोकळं होता आलं असतं. पण नाही. गप्प बसून आमच्या कोटांना बटणं लावतात. हे मला म्हणाले, "तिचं सगळं गाणं एकदा मी घेतलंय, आता हे एक राहिलंय तेही मीच काढून घेऊ?" आणि असं म्हणून ताटावरून उठले. मग मलाही घास जाईना, कारण काढा म्हणणारी मी. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे आम्हा नवराबायकोला न खाताच खवखवत होतं.

मग पुन्हा ठरलं, तालमीच्या आधी सांगायचं, सगळ्यांच्या देखत नाही, बाजूला घेऊन. हे गेले, "ताई, जरा बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "मलाही. तो वरचा सूर ओढावा लागतो रे, सगळंच गाणं जरा खाली घेतलंस तर?" आणि ह्यांनी घेतलं. अहो, गाणं खाली घ्यायचं म्हणजे काय तोंडानं म्हणायचं असतं का? क्लॅरिनेटवाल्या काकांना सगळं नव्यानं लिहून द्यावं लागतं. काका चिडले, "जे गाणं वाजवायचंच नाही ते मी कुठल्या पट्टीत वाजवत नाही ह्यानं काय फरक पडतो?" बरोबर होतं त्यांचं. हे म्हणाले, "हळू बोला, ताई ऐकेल." काका म्हणाले, "ऐकू दे की, म्हणजे सुटाल." हे म्हणाले, "नको, मी सांगतो." सांगितलं का? नाही सांगितलं.

आता खरी मजा पुढे आहे, मजा म्हणजे आमची ससेहोलपट. वन्संना सांगितलेलं नाही म्हटल्यावर त्या तालमीला आल्या की अंगाई करायची, आणि नसल्या की बिनअंगाईचा प्रयोग बसवायचा. म्हणजे एका ऑपेऱ्याचे झाले दोन. बरं, अंगाई असली की त्यानंतर गावकरी डावीकडून चवड्यांवर येतात, पिल्लू जागं होऊ नये म्हणून. अंगाई नसली की तेच गावकरी उजवीकडून आरडाओरडा करत धावत येतात. तालमीच्या दारात एकाला पहाऱ्यावर बसवलेलं, वन्सं येताना दिसल्या की त्यानं खोकायचं. आणि एक दिवस त्याला खरोखरचा खोकला झाला. अर्धं गाव डावीकडून मांजराच्या पावलांनी, अर्धं गाव उजवीकडून बोंबलत, मधोमध नगराध्यक्ष. दातांचे डॉक्टर ते, त्यांचाच पुढचा दात हलला. आणि तेवढ्यात वन्सं खरंच आल्या, बघितलं सगळं, आणि म्हणाल्या, "अरे बापरे, तुमची तयारी कच्ची दिसते. माझं गाणं झाल्यावर डावीकडून यायचं, एवढं साधं लक्षात राहत नाही?" आणि त्या माउलीनं स्वतः उभं राहून सगळ्यांना डावीकडून यायला शिकवलं. आम्ही आलो. मुकाट्यानं, एकामागून एक.

मग मी म्हटलं, पुरे. ह्या माणसाच्यानं होणार नाही, मीच सांगते, काय व्हायचं ते होऊ दे, अवघड जागेचं दुखणं असलं तरी कधीतरी कापावंच लागतं. झग्याचं माप द्यायला गेले, तेव्हा सांगायचं ठरवलं. वन्संनी मला स्टुलावर उभं केलं, तो नगराध्यक्षीणबाईंचा भलामोठा झगा घातला, आणि स्वतः खाली गुडघ्यांवर बसून घेर टाचायला लागल्या. गुडघे दुखतात हो त्यांचे. मी वर, त्या खाली, आता अशा वेळी कुणी कुणाला असलं काही सांगतं का? तरी मी घसा साफ केला, म्हटलं, "वन्सं, ते अंगाईचं..." तर त्या म्हणाल्या, "कंबरेत सैल केलाय हं, कापड आटलंय." कापड आटलंय म्हणे. त्या कापडाला अजून पाणी लागलेलं नव्हतं. मी काय आरसा बघत नाही? पण त्यांनी ते कापडावर ढकललं, आणि मी अंगाईचं तिथेच सोडलं. मग म्हणाल्या, "ऐक ना, मी आजवर कुणाला बोलावलं नाही गं बघायला. मागच्या रांगेत उभं राहायचं, त्याला काय बोलवायचं? ह्या वेळी आमच्या गाण्याच्या बाईंना बोलावलंय. फार थकल्यात, पण येते म्हणाल्या. ऐकू कमी येतं, म्हणून पुढचीच खुर्ची ठेवायला सांगितलीय छोट्याला."

मी घरी आले. हे दारातच, "सांगितलंस?" मी म्हटलं, झगा छान झालाय. आणि खुर्चीचं तुम्ही मला का नाही बोललात? तर मान खाली घालून म्हणाले, "कसं बोलू?" असे आम्ही दोघं, एकमेकांपासून तोंड लपवत एकाच घरात फिरणारे. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं, जाऊ दे, राहू दे ती अंगाई, लोक झोपले तर झोपले, मी त्यांना उठवीन. एवढं म्हटल्यावर मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, वाटलं मी किती मोठ्या मनाची आहे.

पण घड्याळाला मन नसतं ना. रंगीत तालीम झाली, ती दहा मिनिटं कुठेच गेलेली नाहीत, उलट दुसरं कडवं परत घेतल्यामुळे थोडी वाढलेलीच, आणि शेवटच्या गाण्याच्या ऐन मध्यात मॅनेजरांनी स्विच खाली केला. मिट्ट काळोख. दुसऱ्या दिवशी प्रयोग. मी आपली घरी येऊन झोपले, हे मागे राहिले मंडळींशी बोलत. सकाळी मी केस विंचरतेय, हे चष्मा शोधतायत. उशी उचलली, पेपर उचलला, आणि शोधता शोधता म्हणाले, "अगं, तुझं रागाचं गाणं काढलंय. चष्मा पाहिलास का माझा?"

झालं. सांगून झालं. एका श्वासात, चष्म्यासकट. इतके दिवस मी समजत होते ह्या माणसाला सांगताच येत नाही. येतं की चांगलं. समोर कोण आहे त्यावर असतं ते. मी म्हटलं, पाचही कडवी? "हो, म्हणजे बरोब्बर बसतंय बघ." मंडळी काय म्हणाली? "सगळ्यांना पटलं." लगेच? "लगेच." मी कंगवा खाली ठेवला. आणि तुम्हाला सांगते, भांडायला माझ्याकडे इतकं होतं, इतकं होतं... पण कुठल्या तोंडानं? समोर नसलेल्या माणसाचं गाणं काढायची रीत पाडली कुणी? मीच ना? मी म्हटलं, चष्मा तुमच्या डोक्यावर आहे, आणि दुकानात निघून गेले. दिवसभर लोकांना नंबर चुकीचे सांगत होते.

प्रयोग झाला. पहिला अंक झाला, टोप हरवला, लोक हसले, बरं चाललं होतं. मग अंगाई आली. वन्सं बसल्या खाली, टोप मांडीवर घेतला, त्याला गळ्याखाली खाजवलं, आणि हॉल हसून हसून लोटपोट. मी विंगेत उभी, तो घेरदार झगा घालून, बिनगाण्याची. आणि त्यांनी सूर लावला. पहिला जरा कापला. पण दुसऱ्या ओळीला लोकांचं हसू हळूहळू थांबलं, आणि मग कुणी खोकेनासं झालं. इतका साधा आवाज हो, घरात कुणीतरी काम करता करता गातंय असा. ह्यांनी काडी खालीच घेतली. आमच्या ह्यांनी, जे शिंक आली तरी काडी सोडत नाहीत. म्हणजे आता त्यांना कुणी चालवत नव्हतं, त्या जातील तिकडे काका क्लॅरिनेट घेऊन मागून जात होते. पुढच्या खुर्चीत त्या बाई, अगदी वाळून गेलेल्या, त्यांना कितपत ऐकू येत होतं देव जाणे, पण नजर वन्संच्या ओठांवरून हलत नव्हती. मला रडू आलं. कशाचं म्हणाल, तर अर्धं त्या गाण्याचं आणि अर्धं माझ्या गाण्याचं, खोटं कशाला बोलू. आणि हे काढायला निघालो होतो आपण, ह्याची लाज वाटली ती वेगळीच.

लोकांनी वन्समोअर दिला. वन्सं गोंधळल्या, ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी नुसती मान हलवली, डोळे पुसायला हात मोकळा होताच. त्या परत गायल्या, सगळं, दुसऱ्या कडव्यासकट. मी घड्याळ बघितलं, वेळ नक्की उलटून जाणार होती. मॅनेजर स्विचपाशी उभे. शेवटपर्यंत उभेच राहिले, हात काही वर गेला नाही त्यांचा. म्हणजे माझं गाणंही बसलं असतं. पण जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी वन्सं आमच्याकडे आल्या, कपडे मोजून परत न्यायला. हे घरी नव्हते, हॉलच्या खुर्च्या लावून द्यायला गेले होते. मी चहा केला. त्या झगा घडी करत होत्या, आणि एकदम म्हणाल्या, "काय गं, काल तुझं ते रागाचं गाणं नव्हतं." माझ्या हातात कप. म्हटलं, वेळेचं जरा जमत नव्हतं. घडी तशीच अर्धवट. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं राहिलं आणि तुझं गेलं?" आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना हो मला. वाटलं, आता बस झालं. आता सगळं सांगून टाकावं, की वन्सं, तुमचं गाणं काढा म्हणणारी मी, तुम्ही बटणं आणायला गेला होतात तेव्हा, आणि छोट्यानं तुमच्यासाठी जिवाचं रान केलं, मारायचं तर मला मारा. कप खाली ठेवला, त्यांच्यासमोर बसले, तोंड उघडलं...

तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला. म्हणाल्या, "बरं झालं गं बाई काढलंत. मी पहिल्या तालमीपासून छोट्याला सांगणार होते, की ते काढ, पाच पाच कडवी तेच तेच, माणूस थकून जातो ऐकून. रोज ठरवायची आणि रोज गप्प बसायची. म्हटलं, तुला वाईट वाटेल. मेलं मन खात होतं इतके दिवस. आता कसं मोकळं वाटलं बघ." आणि उरलेला चहा घेतला, झग्याची घडी पुरी केली, आणि गुणगुणत गेल्या घरी.

आणि आता मला वाईट वाटलंय. चांगलंच वाईट वाटलंय. पण ते त्यांना सांगणार कोण?